जिवंतपणी रडून घेतलंत, नाना

नाना, तुमच्या शोकसभेत बासरी लावली होती.

खरी असती तर एक वेळ चाललं असतं. कीबोर्डातली होती, आणि तीही कुणी वाजवत नव्हतं, मोबाइलवरून स्पीकरला जोडून दिली होती. कुणी गेलं की लावतात ती. लग्नाच्या व्हिडिओत मुलगी गाडीत बसायला निघाली की लावतात, तीच. तुमच्या फोटोला झेंडूचा हार, पुढ्यात समई, आणि मागून ते रडगाणं. "बासरी म्हणजे आळस, मास्तरीणबाई. सुचलं नाही की माणूस बासरी लावतो," असं ज्यानं धुळ्या-जळगावच्या प्रत्येक वाजवणाऱ्याला बजावून सांगितलं, त्याच्याच फोटोसमोर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठले, सरळ स्टेजपाशी गेले आणि वायर उपटली. भाषण करणारे गृहस्थ तेव्हा 'कधीही भरून न निघणारी पोकळी' इथवर आले होते. ते थांबले. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

"तुमची पोकळी चालू द्या," मी म्हटलं. "बासरी तेवढी नको."

नंतर चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, तुम्ही नानांच्या कोण? आता काय सांगायचं? जळगावच्या शाळेत संगीत शिकवते, सुट्टी मिळाली की धुळ्याची एसटी धरते, पिठाच्या गिरणीवरच्या तुमच्या खोलीत जिना चढून येते (स्टुडिओ तुम्ही म्हणायचात, मी खोलीच म्हणते) आणि कीबोर्डसमोर बसते, हे सगळं? नातं काही नाही. असिस्टंट म्हटलं तर मला राग येतो. "मी त्यांच्याशी भांडायला होते," एवढंच सांगितलं. त्या बाई चहा तसाच ठेवून दुसरीकडे गेल्या.

आता भांडायला समोर माणूसच नाही. म्हणून हे लिहितेय. उलट उत्तर देता येणार नाही तुम्हाला, बसा ऐकत. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ द्यायचा नाहीत.

सिनेमापासूनच सुरुवात करते, कारण सगळं तिथून झालं. आपल्या अहिराणीत सिनेमा म्हटलं की लोकांना पडणं-धडपडणं आणि नवरा-बायकोची हाणामारी, एवढंच ठाऊक. दिग्दर्शक व्हायला निघालेल्या दोंडाईच्याच्या प्रणवनं पहिल्यांदा एक सरळ, गंभीर गोष्ट आणली. कापसाच्या जिनिंगवाले शेठ पैसे घालायला तयार झाले. तुम्ही गोष्ट ऐकलीत आणि मला फोन केलात, "मास्तरीणबाई, शाळेत रजा टाका. मरायच्या आधी एक खरं काम करून टाकू." बोलायची पद्धत असते ती, मी हसले. रजा टाकली.

शेवटचा प्रसंग तुम्हाला पहिल्या दिवसापासून छळत होता. सासरी असलेली लेक. आई गेल्याचा निरोप तिला उशिरा मिळतो. ती फाट्यावर एसटीतून उतरते आणि गावातून चालत घराकडे येते. माती कधीच झालेली, आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालेलं नाही. संवाद एक नाही. नुसतं चालणं. त्या चालण्यावर कोणतं संगीत घालायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याच्यावरून आपण जे काही एकमेकांना बोललो ते खालच्या गिरणीवाल्यालाही पाठ झालं असेल. गिरणी दुपारी बंद व्हायची तेव्हाच आपलं रेकॉर्डिंग. निम्म्या दुपारी आपण रेकॉर्डिंग सोडून भांडण्यातच घालवल्या.

शेठना व्हायोलिनं हवी होती, तीही थवेच्या थवे. "रुमाल ओले झाले पाहिजेत, नाना." मला माझी चाल हवी होती. जात्यावरच्या ओवीवरून बांधलेली, फक्त पेटीवर, अगदी हळू. खरं सांगते, मी आयुष्यात बांधलेल्या चालींत तिच्या तोडीची दुसरी नाही. तुम्ही ती ऐकलीत आणि नेहमीचं केलंत. खांद्यावरचा टॉवेल काढला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकला आणि म्हणालात, "आता बघू नका. नुसतं ऐका." तुमची ती कसोटी! चित्र झाकायचं, आणि नुसत्या संगीतावरून सगळं कळलं, तर संगीत जास्त बोलतंय. मग तुमचा आवडता शब्द यायचा, "काढा." त्या 'काढा'पायी आपण निम्मा सिनेमा मोकळा केला. पाळण्याच्या प्रसंगातली माझी पेटी काढलीत. शेतातला ढोल काढलात. प्रणवच्या लाडक्या पावसावरचं सगळंच काढलंत. माझ्या चालीवर टॉवेल पडला तेव्हा मी त्याच शब्दाची वाट बघत बसले होते.

"चाल चांगली शे," तुम्ही म्हणालात. रागावलात की तुम्ही अहिराणीत शिरायचात, आणि वाईट वाटलं तरीसुद्धा. "पन ती सांगी ऱ्हायनी का, आते रडा. तिनं कसाले सांगानं?"

मी तोंड फिरवून बसले. तुम्ही टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकलात आणि चहा सांगायला खाली गेलात.

तुम्हाला काय हवं होतं? काहीच नाही. फाट्यापासून गल्लीपर्यंत नुसती तिची पावलं, वारा, एखादं कुत्रं. आणि मग गल्लीच्या कोपऱ्यावर तिचा हेल. आपल्याकडे दुःखाच्या घरी येणारी बाई दारात पोचून रडत नाही. कोपऱ्यावरूनच ती सूर धरते, 'माय वं...' म्हणत, गेलेल्या माणसाच्या एकेक गोष्टी त्या सुरात ओवत चालत येते. तो हेल कानावर आला की घरातल्या बायका आतून उत्तर देतात. तू उशिरा आलीस, तो वाट बघत होता, असं. मग दोन्ही आवाज दारात एकमेकांच्या गळ्यात पडतात. लहानपणापासून आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि कुणाच्याही मनात आलं नव्हतं की हे संगीत आहे. तुमच्या आलं. तुम्हाला कुठे काय संगीत दिसेल याचा नेम नव्हता. लग्नाच्या बँडच्या गाडीवरचे ते फाटके भोंगे तसेच्या तसे रेकॉर्ड करायला तुम्ही मला भर उन्हात शेतात उभं केलं होतंत, ते मी विसरले नाही.

मी म्हटलं, हे अभिनेत्रीला जमणार नाही. तुम्ही म्हणालात, अभिनेत्रीला कोण सांगतंय? आणि गावाकडून कमलबाईंना बोलावलंत, त्यांच्याबरोबर आणखी दोघी-तिघी. लग्नात हळदीची गाणी म्हणणाऱ्या, हळदीला कमलबाईंचा आवाज लागला की मांडव गप्प होतो. नऊवारी सावरत जिना चढून आल्या, सतरंजीवर बसल्या, पाणी प्यायल्या. तुम्ही माइक लावलात आणि सांगितलंत, हेल धरा.

कमलबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "कोन मरनं?"

"कोनी नही. सिनेमामा माय मरस."

"ती सिनेमानी माय. आमनी काय लागस?"

तुम्ही म्हणालात, बरं, मग आपापल्या आईला आठवा. झालं! त्यांच्यातली एक ताडकन उठली. "मन्ही माय जित्ती शे! आज दोंडाईचाना बाजारमा मिरच्या इकी ऱ्हायनी ती! तिले रडू?" चपला शोधायला लागली. तिला बसवता बसवता माझ्या नाकी नऊ आले. मग कमलबाईंनी तुम्हाला शांतपणे, तुम्ही लहान असल्यासारखं समजावलं. घरात मयत नसताना हेल धरत नाहीत. धरला तर कुणीतरी जातं. आणि हवेला रडत नाहीत, माणसाला रडतात. नाव लागतं, नातं लागतं.

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. हात जोडून म्हणाला असता, चुकलं, चहा घ्या. पण तुम्ही! तुम्ही कीबोर्डवर झाकायची चादर ओढलीत, सतरंजीवर लांब झालात आणि ती डोक्यावरून घेतलीत. पायांची बोटं बाहेर.

"मंग माले रडा," चादरीतून आवाज आला. "मास्तरीणबाई, बटण दाबा."

"मी दाबणार नाही. उठा आधी. ही कसली थट्टा?"

"थट्टा नही शे. काम शे. दाबा."

मी पर्स उचलली आणि निघाले. तर मागे बघते तो मयत उठलं, दोन पावलं चालून आलं, स्वतःच बटण दाबलं आणि परत जाऊन चादरीत शिरलं. बायका पदर तोंडाला लावून फसाफसा हसत होत्या. मी जिन्यात होते तेव्हा एकजण म्हणताना ऐकू आली, "नाना, पोट हालस!"

आणि मग कमलबाईंनी सूर धरला. माय वं... मन्हा पेटीवाला नाना... आते मांडोमा सूर कोन दी वं... हसणं कधी थांबलं मला कळलंच नाही. दुसरीनं सूर घेतला, तिसरीनं घेतला. तुम्ही कुणाच्या लग्नात कसं वाजवलं होतंत, कुणाच्या मुलीची हळद फुकट वाजवून दिली होतीत, कुणाच्या दारात कळण्याची भाकरी मागून खाल्ली होतीत, सगळं त्या सुरात यायला लागलं. मी जिन्यातच बसले. एक माणूस वर जिवंत पडलेला, मला पक्कं ठाऊक, पोट हलतंय त्याचं, आणि तरी माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. राग आला होता नाना. इतका राग मला आजवर कुणाचा आला नव्हता. गाडी चुकली माझी त्या दिवशी.

तुम्ही ही गोष्ट घरी जाऊन अक्कांना हसत हसत सांगितलीत. शाबास! जी तुमच्या नावानं कुंकू लावते तिला सांगायचं की आज मी मेलो होतो, फार छान रडल्या. अक्कांनी अबोला धरला. कामापुरतं बोलायच्या. पाणी तापलंय. जेवायला वाढलंय. तुम्ही मला फोनवर सांगितलंत तेव्हाही हसतच होतात. "बोलेल दोन दिवसांनी. आता तुम्हीही धरू नका अबोला."

मी धरला नाही. फोनवर भांडत राहिले. तुम्ही त्या रेकॉर्डिंगची काटछाट करत बसला होतात. सिनेमात आई गेलीय, आणि बायका रडल्यात तुम्हाला. म्हणून जिथं जिथं 'नाना' आलं तिथं तिथं तुम्ही कापत होतात. 'माय वं' ठेवायचं, नाना काढायचं. स्वतःच्याच विलापातून स्वतःचं नाव काढत बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणालात, "नाव काढलं की सूर मोकळा होतो." आणि मग मी तो मुद्दा काढला, ज्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. मी म्हटलं, येणारीचा आवाज घेतलात. घरातून उत्तर कोण देणार? आपल्याकडे हेल एकटा नसतो. तुमचा प्रसंग अर्धाच आहे.

 मग म्हणालात, "बघू."

बघू! आणि गेलात. तेवढ्यात उरकलंत. सकाळी अक्कांनी हाक मारली, "पानी तपनं शे, ऊठ," आणि तुम्ही उठला नाहीत.

मी जळगावहून मिळेल त्या गाडीनं आले. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बघते तर कमलबाई आणि त्यांच्या बायका उभ्या. निरोप मिळाल्याबरोबर गाडी धरून आल्या होत्या बिचाऱ्या. त्यांना आत जाऊ देत नव्हते. तुमच्याच गल्लीतले, तुमच्याकडून पोरांच्या मुंजी-बारशाला फुकट पेटी वाजवून घेणारे लोक! "ह्याच बाया," एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता. "जित्ता मानूसले रडी टाकं." मला राहवेना. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? डॉक्टरनं सांगितलंय, हृदय बंद पडलं. गोळ्या खायचा कंटाळा, दिवसभर तंबाखू, जेवण म्हणजे चहा. ह्या बायकांनी मारलं होय? मग इतकी वर्षं तुम्ही नानांना 'शंभर वर्षं जगा' म्हणत होतात, त्याचा का नाही गुण आला? तो माणूस बाजूला झाला नाही. गल्लीतल्या बायकांनी पदर सावरून मान फिरवली.

मी कमलबाईंचा हात धरला आणि म्हटलं, चला. धरा हेल. आता तर मयत आहे ना घरात?

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. "निंघत नही वं माय," त्या म्हणाल्या. "त्याले आम्ही रडी लिधं. एक मानूसले दोनदाव रडनं नही." आणि तिथंच कोपऱ्यावर खाली बसल्या.

कोपऱ्यावरून हाकच आली नाही, म्हणून घरातून उत्तर गेलं नाही. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी. ज्याला हेलात संगीत दिसलं तो माणूस स्वतःच्या अख्ख्या गल्लीतून मुका गेला. मला तुमचा संताप आला, नाना. तिरडी उचलताना संताप येतो का कुणाला? मला आला. स्वतःचं रडणं आगाऊ घेऊन बसलात, आणि आमच्यासाठी काही ठेवलं नाहीत.

तसं ठेवलंत पुष्कळ. उगाच खोटं कशाला बोलू. शाळेत प्रार्थना बसवणारी बाई होते मी, पेटीच्या पट्ट्यांपलीकडे मला काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही मला चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला होळीचे ढोल ऐकवायला नेलंत, आणि मी उत्साहानं पुढं धावले तर दंड धरून मागं आणलंत. पार दोन शेतं मागं. "जवळून सगळेच ऐकतात. लांबून ऐका, म्हणजे किती ठेवायचा ते कळेल." तिथं उभं राहून ऐकलं तेव्हापासून माझे कान बदलले. याचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, भाषण काढा.

तुम्ही गेलात आणि इकडे दोघं माझ्या मानगुटीवर बसले. तेराव्यानंतरच्या सोमवारी सिनेमाचे सगळे आवाज एकत्र बसवायला पाठवायचे, शेवटच्या प्रसंगाचं काय ते ठरवून द्या, ताई. शेठ म्हणाले, तो आवाज अपशकुनी आहे, नकोच, व्हायोलिनं लावा. कमलबाईंना अडवणाऱ्या त्या माणसात आणि शेठमध्ये फरक एवढाच की शेठच्या घरी एसी आहे. आणि प्रणव! तो म्हणाला, ताई, आपण आधी पाटी टाकू, 'संगीतकारानं स्वतःचाच विलाप ध्वनिमुद्रित केला'. लोक खुर्चीतून उठणार नाहीत.

मी म्हटलं, "प्रणव, तुझ्या कानाखाली आवाज काढीन, तोही रेकॉर्ड कर."

एकाला भीती वाटतेय म्हणून काढायचं, दुसऱ्याला विकायचंय म्हणून ठेवायचं. तुम्ही कशासाठी केलं होतंत, याचं दोघांनाही काही नाही. मी सांगितलं, अक्कांना विचारल्याशिवाय त्यातला एक सूरही कुठे जाणार नाही. त्या नाही म्हणाल्या तर शेवटी नुसती पावलं वाजतील. तर प्रणव हळूच म्हणतो, "जाताच आहात तर मोबाइल चालू ठेवा ना, ताई. अक्का अजून रडल्या नाहीयेत म्हणे. ऐकून रडल्या तर आपल्याला घरातलं उत्तर मिळेल. नानांना तेच हवं होतं."

फोन आपटला मी. पण नाना, तो खोटं बोलत नव्हता. तुम्हाला तेच हवं होतं. तुमचं 'बघू' म्हणजे काय, ते मला न कळायला मी काय काल आलेय?

दहावं-तेरावं उरकल्यावर मी अक्कांकडे गेले. दुपारची वेळ. घरात पाहुणे पांगले होते. अक्का त्याच भिंतीला टेकून शेंगा निवडत होत्या. तुमचा तो छोटा रेकॉर्डर मी बरोबर नेला होता, त्यात कापाकापीच्या आधीचं सगळं तसंच होतं, तुमच्या नावासकट. मी सरळ सांगितलं, अक्का, हे त्या दिवशीचं आहे. सिनेमात घालायचं की पुसून टाकायचं ते तुम्ही सांगा. ऐकायचं नसेल तरी चालेल.

बराच वेळ त्या शेंगाच निवडत राहिल्या. मग पदरानं हात पुसले आणि कान पुढं केला. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला, अंबाडा सांभाळून. सुरू केलं.

मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक क्षण ओठ मुरडले, हसू येऊ बघतंय तसे. म्हटलं, पोट हालस आलं वाटतं. मग चेहरा हळूहळू बदलला. आता कमलबाईंनी सूर धरला असणार. आता मांडव आला. आता कळण्याची भाकरी. मला ते जागेवर जागा पाठ होतं. आणि जिथं येणारी बाई दम घ्यायला थांबते, तिथं अक्कांनी तोंड उघडलं.

"उशीर व्हयना वं माय..."

घरातल्या बाईनं द्यायचं असतं तसं. भिंतीला टेकून, डोळे मिटून, त्या सुराच्या बरोबर खाली आपला सूर लावून. "तो गया वं... पानी तपेल शे वं माय... तो ऊठत नही... मी बोलनू नही वं त्यानाशी... मी बोलनू नही..." हात जमिनीवर आपटत होत्या. शेंगा सगळीकडे झाल्या. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना दिसेना की ही कुणाला उत्तर देतेय.

माझ्या मांडीवर मोबाइल होता. एक बोट टेकवायचं काम. तुमचा अर्धा राहिलेला प्रसंग समोर पुरा होत होता, इतका खरा की कुठल्याही माइकपुढं पुन्हा कधी होणार नाही. तुमचा आवाज मला स्पष्ट आला, मास्तरीणबाई, बटण दाबा.

मी मोबाइल पालथा घातला आणि अक्कांचे हात धरले.

संपल्यावर त्यांनी स्वतःच हेडफोन काढला. तोंड धुऊन आल्या. चहा टाकला. मग म्हणाल्या, "ते त्याना काम शे. लावा. मन्हं नको. मन्हं त्यानीच आयकानं." आणि थोड्या वेळानं, "कमलबाईले बलाव." कमलबाई आल्या. ह्या वेळी त्यांना कोपऱ्यावर कुणी अडवलं नाही, कारण अक्का स्वतः कोपऱ्यावर जाऊन उभ्या होत्या.

तर ठरलं ते असं. फाट्यापासून गल्लीपर्यंत नुसती पावलं. व्हायोलिनं नाहीत, माझी चाल नाही, पाटी नाही. शेठ कुरकुरले, पण शेवटी 'नानांचं असेल ते' म्हणाले. कमलबाईंची आणि त्यांच्या बायकांची नावं पडद्यावर येतील, त्यांना 'समूहस्वर' म्हणून गुंडाळू दिलं नाही मी. कोपऱ्यावर लेकीचा हेल उठेल, तुम्ही कापून ठेवलाय तसाच, तुमच्या नावाशिवाय. आणि घरातून उत्तर येणार नाही. ती उत्तराची वाट बघत चालत राहील, आणि दार येईल. तुम्ही घेतलंत ते लोक ऐकतील. अक्कांचं मी ऐकलं, शेजारणींनी ऐकलं. दोन्ही एकत्र फक्त अक्कांच्या कानांनी ऐकलं.

तुम्ही असतात तर बटण दाबलं असतंत. मी दाबलं नाही, आणि माझंच बरोबर आहे. पटत नसेल तर या, जिना चढा आणि भांडा. दुपारी गिरणी बंदच असते.